पाणी जातं कुठे?



मे महिन्यात खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून, रेडिएटरच्या झाकणावर ओलं फडकं टाकून, गाडी थंड व्हायची वाट बघत कठड्यावर बसलेली कुटुंबं माझ्या पिढीने भरपूर पाहिली आहेत. फियाट असो की अँबॅसिडर, गाडी तापली की सगळ्या घाटाला कळायचं. वाफ दिसायची, खाली पाण्याचा ओघळ दिसायचा. रेडिएटरमध्ये हळद टाकून तात्पुरतं भोक बुजवणारे ड्रायव्हर होते आणि त्या हळदीवर गाडी घरापर्यंत यायचीही. आज मला बोलायचं आहे ते मात्र न दिसणाऱ्या गळतीबद्दल. पाणी रोज थोडं थोडं कमी होतं, पण खाली एक थेंब नसतो. वाफ नाही, वास नाही, आणि तापमानाचा काटा मधोमध स्थिर.

मी सिंगापूरमध्ये बिशानला राहतो. सरकारी वसाहतींचं, शाळांचं गाव; एका बाजूला मोठी बाग, दुसऱ्या बाजूला सिन मिंग नावाचा गॅरेजांचा भाग. गाड्यांची तपासणी करणारं केंद्र तिथेच आणि जमीन-वाहतूक प्राधिकरणाचं कार्यालयही तिथेच. जुनी गाडी बाळगणाऱ्याला याहून सोयीची जागा त्या शहरात नाही.

जुनी म्हणजे किती, हे सिंगापुरात कागद ठरवतो. १९९० पासून तिथे गाडी घ्यायची तर आधी लिलावात परवाना घ्यावा लागतो. त्याला सीओई म्हणतात आणि तो १० वर्षं चालतो. २०२३ साली लहान गाड्यांचा परवानासुद्धा एक लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेला होता, गाडीची किंमत वेगळी. दहा वर्षं संपली की गाडी मोडीत किंवा परदेशी. नाहीतर त्या वेळचा सरासरी भाव भरून परवाना ५ किंवा १० वर्षांनी वाढवायचा. पाचाचा घेतला तर पुढे वाढवता येत नाही. वाढवलेल्या गाडीला रोड टॅक्सवर अधिभार लागतो, तो १० टक्क्यांपासून सुरू होऊन ५० टक्क्यांपर्यंत जातो, आणि तपासणी दरवर्षी होते. माझी जपानी सेडान २००८ ची. २०१८ साली मी तिचा परवाना १० वर्षांनी वाढवला. एवढे पैसे भरल्यावर त्या इंजिनाची प्रत्येक नळी आपली जबाबदारी होते, असं मी मानतो.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी बॉनेट उघडलं तर कूलंटच्या टाकीतली पातळी खालच्या रेघेला टेकलेली. वरपर्यंत भरली. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. गाडी उभी असते तिथली फरशी बघितली. ओल होती, पण ती प्रत्येक गाडीखाली असते. सिंगापुरात बारा महिने एसी चालतो, हवा दमट, त्यामुळे एसीचं पाणी गाडीखाली टपकतच राहतं. ओल बघून तिथे कुणी दचकत नाही. एसीचं पाणी बोटाला साध्या पाण्यासारखं लागतं, कूलंट बुळबुळीत लागतो आणि त्याला गोडसर वास असतो. जिभेला मात्र कधीही लावू नका. त्यातलं इथिलिन ग्लायकॉल विषारी आहे. गोड चवीमुळे मुलं आणि पाळीव जनावरं दगावतात.

काटा मध्यावर होता, हा दिलासा मी बराच काळ बाळगला. तो खोटा होता. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत काटा मुद्दाम असा बसवलेला असतो की साधारण ८० ते १०० अंशांपर्यंत तो हलत नाही, म्हणजे चालवणारा उगाच घाबरत नाही. आणि पाणी इतकं घटलं की सेन्सर उघडा पडला, तर तो पाण्याचं नव्हे, हवेचं तापमान सांगतो. टाकीवरही पूर्ण विसंबता येत नाही. इंजिन थंड होताना रेडिएटर टाकीतलं पाणी आत ओढून घेतो. झाकणाचं रबर थकलेलं असेल तर तो पाण्याऐवजी हवा ओढतो, मग टाकी भरलेली दिसते आणि रेडिएटर रिकामा होत जातो. म्हणून सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, रेडिएटरचं झाकण काढून आत बघायचं. गरम असताना ते झाकण उघडू नका, हे मी कितीही वेळा सांगेन.

हे झाकण दिसायला साधं, पण सगळा खेळ त्याच्यावर आहे. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. अर्धं पाणी, अर्धं ग्लायकॉल असं मिश्रण सुमारे १०७ ला. त्यावर झाकणाने १.१ बारचा दाब धरला की उकळबिंदू सव्वाशेच्या पुढे जातो. गळती म्हणजे नुसतं पाणी जाणं नव्हे, दाब जाणंही असतं. आणि दाब गेला की उरलेलं पाणी लवकर उकळतं. सिंगापुरात थंडीने पाणी गोठत नाही, मग साधं नळाचं पाणी का नको, असं मला अनेकांनी विचारलंय. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात. दर तीन आठवड्यांनी साधं पाणी घालत राहिलं की ती पातळ होत जातात आणि अॅल्युमिनियम आतून खायला सुरुवात होते.

मी ज्या पहिल्या गॅरेजात गेलो तिथे टाकी भरून दिली आणि गळती बंद करणारी बाटली ओतायचा सल्ला दिला. दुसऱ्या ठिकाणी रेडिएटर बदलायला सांगितलं. ओल कुठे दिसली, हे दोघांनीही दाखवलं नाही. बाटली मी नाकारली. ती हळदीचीच बहीण आहे: घाटात अडकल्यावर ठीक, पण जे भोक बुजवतं ते रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवतं.

मग टाकीवर चिकटपट्टी लावली, पेनाने रेघ मारली आणि वहीत तारीख, किलोमीटर, पातळी लिहू लागलो. एका महिन्यात दिसलं की घट किलोमीटरवर अवलंबून नव्हती. मलाक्कापर्यंत जाऊन आलो त्या आठवड्यात ती जेमतेम होती. शाळा, बाजार, ऑफिस अशा लहान फेऱ्यांच्या आठवड्यात जास्त. म्हणजे गाडी चालण्यापेक्षा बंद होण्याशी तिचा संबंध होता.

वही घेऊन सिन मिंगमधल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. तिथे वडीलधाऱ्याला अंकल म्हणतात. अंकलनी वही शेवटपर्यंत वाचली, आणि मगच बॉनेट उघडलं. थंड इंजिनावर रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावला, दाब चढवला. दहा मिनिटं पंपाचा काटा जागचा हलला नाही. दुसरा कुणी इथे थांबला असता. त्यांनी पंप तसाच ठेवून गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी काटा किंचित उतरलेला होता. निळ्या द्रावणाने हेड गॅस्केटची परीक्षा केली. ज्वलनाचा वायू पाण्यात शिरत असेल तर ते द्रावण पिवळं होतं. ते निळंच राहिलं तेव्हा मला किती हायसं वाटलं ते सांगता येत नाही. वॉटर पंपाखालचं छोटं छिद्रही कोरडं होतं. पंपाचं सील गेलं की आधी तिथून ओल येते.

मग त्यांनी कूलंटमध्ये चमकणारा रंग घातला आणि चार दिवसांनी संध्याकाळी यायला सांगितलं. गाडी आणली, इंजिन बंद केलं, शटर अर्धं खाली ओढलं, दिवे मालवले आणि पिवळा चष्मा मला दिला. लगेच दिवा लावला नाही. वीस मिनिटं थांबलो. इंजिन बंद केलं की पंप थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, पण लोखंडात साठलेली उष्णता त्या थांबलेल्या पाण्यात उतरत राहते. काही मिनिटं तापमान आणि दाब दोन्ही वाढतात. वीस मिनिटांनी अतिनील दिवा आत धरला तेव्हा इंजिन आणि मागच्या पत्र्याच्या फटीत, हवेच्या मॅनिफोल्डखाली, एक हिरवी-पिवळी रेघ चमकत होती. बोटभर लांबीचा एक लहान होज पाइप. तिथून पाणी गिअरबॉक्सच्या गरम पाठीवर पडत होतं आणि तिथेच वाळत होतं. त्या जागी गुलाबी पापुद्रा साचलेला होता. जमिनीपर्यंत काही येतच नव्हतं, म्हणून मला कधी दिसलं नाही. लांबच्या प्रवासात गाडी एकदाच बंद व्हायची, शहरात दिवसातून सहा वेळा.

पाइप स्वस्त होता. मॅनिफोल्ड उतरवायला अर्धा दिवस गेला.

एक गोष्ट बिशानमुळे मला विशेष जाणवते. आमच्या घराजवळच्या बागेतून कालांग नदी वाहते. ती काँक्रीटच्या सरळ कालव्यात कोंडलेली होती. २०१२ साली तिला पुन्हा वळणं दिली, काठ मातीचे केले. आता तिथे पाणमांजरं पोहताना दिसतात. उघड्या पार्किंगवरचं पावसाचं पाणी गटारांतून अशाच प्रवाहांना मिळतं, आणि कालांगचं पाणी पुढे मरिना जलाशयात जातं. शहर पितं त्या पाण्यात त्याचाही वाटा आहे. गाडीतून सुटलेला कूलंट जातो कुठे, याचं उत्तर तिथे फार लांब नाही.

तो जुना पाइप मी आज बरोबर आणला आहे, इथे टेबलावर आहे. व्याख्यान संपल्यावर हातात घेऊन बघा. सरळ धरलात तर चीर दिसणार नाही. दोन्ही टोकं धरून वाकवा, क्लिप बसायची तिथून साधारण दोन बोटं पुढे.