कोटाची चेन



ग्वाल्हेरची पौषातली थंडी जवळ आली आणि ट्रंकांतून कोट बाहेर निघू लागले. चेन चालत नाही एवढ्यासाठी चांगला लोकरी कोट बोहारणीला द्यावा, हे मला मुळीच पटत नाही.

दोष बहुधा दात्यांचा नसतो, रनरचा असतो. वर्षानुवर्षे ओढून त्याचे तोंड फाकते. मग तो वर सरकतो, पण मागे दाते उघडेच राहतात. अशा वेळी रनर अगदी खाली आणावा आणि लहान पकडीने त्याच्या मागच्या कडा, आधी एक, मग दुसरी, हलकेच दाबाव्यात. हलकेच म्हणते हं! जोर केला तर रनर तडकतो. थोडे दाबावे, चालवून पाहावे, पुन्हा दाबावे. 1917 साली अमेरिकेत गिडियन संडबॅक यांना या चेनीचे पेटंट मिळाले, पण शंभर वर्षांत रनरची ही खोड काही गेली नाही.

चेन अडत असेल तर अस्तर सापडले आहे का ते पाहावे, आणि ते हळूहळू सोडवावे. पितळी दात्यांवर मुलांची शिसपेन्सिल घासावी, नायलॉनवर मेणबत्ती. तेल नको, लोकरीवर डाग पडतो. खालची पिनच तुटली असेल तर मात्र शिंपी गाठावा.

आमच्या सासूबाईंची बोटे संधिवाताने आखडली आहेत. रनरच्या बारीक कडीत मी नाडीचा तुकडा ओवून दिला. आता पहाटे देवळात निघताना त्या कोणाला हाक मारीत नाहीत.