रस्त्याचा नियम : मोटारवाल्यांचा आणि सायकलवाल्यांचा

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या व्यासपीठावर नाट्यसंगीतावर आणि संतवाङ्मयावर पुष्कळ विद्वानांनी बोलून झाले आहे. आम्ही पडलो पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा घेऊन राज्य सरकारच्या नोकरीत लागलेली माणसे. रस्ते, नाल्या, अंदाजपत्रके हेच आमचे वाङ्मय. त्यामुळे कार्यकारिणीने जेव्हा सांगितले की, "मोटारवाले आणि सायकलवाले यांची जी रोज भांडणे होतात त्यावर काही बोला," तेव्हा हा विषय आमच्या आवाक्यातला वाटला.

आधी दोन्ही पक्षांच्या तक्रारी मांडू. मोटारवाले म्हणतात, सायकलवाला लाल सिग्नल मानत नाही, राँग साइडने समोरून येतो, रात्री त्याच्या सायकलला दिवा नसतो, त्याला लायसन्स नाही, नंबर नाही, तो टॅक्सही भरत नाही. सायकलवाले म्हणतात, गाड्या अंगाला खेटून जातात, मागून हॉर्नचा भडिमार करतात, न बघता दार उघडतात, पुढे काढून एकदम डावीकडे वळतात आणि आमच्यासाठी ठेवलेल्या पट्ट्यावर गाड्या उभ्या करतात. आपल्यापैकी कोणीही बोर्ड ऑफिस चौराह्यावर किंवा दहा नंबर मार्केटपाशी अर्धा तास उभे राहावे. दोन्ही याद्या खऱ्या असल्याचे दिसेल.

याद्या खऱ्या आहेत म्हणून लोक म्हणतात, दोघेही सारखेच दोषी. आमचे म्हणणे इथेच वेगळे आहे. नियम दोघांनीही पाळायचे, यात वाद नाही. पण जबाबदारी वजनाप्रमाणे वाटली पाहिजे. ज्याच्या हाती जड आणि वेगवान वाहन, त्याची जबाबदारी आधी आणि जास्त. का, ते आता सांगतो.

थोडा मागचा इतिहास पाहू. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि भोपाळ राजधानी ठरले. नागपूर गेले मुंबई राज्यात, आणि तिथल्या सचिवालयातली कितीतरी मराठी घरे फायलींबरोबर इकडे आली. ग्वाल्हेर-इंदूरहूनही आली. त्याच सुमारास हेवी इलेक्ट्रिकल्स, म्हणजे आजचे भेल, उभे राहू लागले. टी.टी. नगरच्या क्वार्टरमधून ऑफिसला आणि पिपलानी-बरखेड्यातून कारखान्याच्या गेटपर्यंत माणसे जात ती मुख्यतः सायकलीवर. आज इथे पुढच्या रांगेत बसलेल्या ज्येष्ठांना हे आम्ही सांगण्याची गरज नाही.

त्या काळी नियमाचा बडगा सायकलवाल्यावरच होता, हेही ज्येष्ठांना आठवत असेल. अनेक गावांत नगरपालिका सायकलवर कर घेई आणि पितळी बिल्ला देई. रात्री दिवा नसला की पोलीस अडवत. डबलसीट दिसली की उतरवत. चाकाची हवा सोडल्याच्या गोष्टी तर नागपूर-पुण्याकडच्या प्रत्येक घरात निघतात. म्हणजे रस्त्यावर सायकलींचे राज्य होते, तेव्हा तिला शिस्तही होती. पुढे स्कूटर आल्या, भटसुअर टेम्पो आले आणि गेले, मोटारी आल्या. बिल्ला गेला, दिवा तपासणारा पोलीसही दुसऱ्या कामाला लागला. सायकलवाला मोकळा सुटला असे मोटारवाल्याला वाटते. खरे म्हणजे तो हळूहळू हिशेबातूनच गेला.

आता कायदा. मोटर वाहन अधिनियम 1988 हा नावाप्रमाणे मोटर वाहनांचा कायदा आहे. पायाने चालवायची सायकल त्याच्या व्याख्येत बसत नाही, म्हणून तिला लायसन्स आणि नंबर नाही. याचा अर्थ सायकलवाला कायद्याबाहेर आहे असा नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम 281, जे पूर्वी दंड संहितेत 279 होते, ते सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे कोणतेही वाहन चालवणाऱ्याला लागू होते. त्यात सायकलही येते. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. उलट बाजूने, मोटारचालकांसाठी 2017 मध्ये जे नवे नियम आले, त्यांत फुटपाथ, सायकल ट्रॅक आणि झेब्रा क्रॉसिंगवर गाडी उभी करण्यास मनाई आहे. यातले किती नियम आपण घरात मुलांना सांगतो?

लायसन्स हा मान नव्हे. हातातले यंत्र दुसऱ्याचा जीव घेऊ शकते, म्हणून सरकार आधी परीक्षा घेते. स्वयंपाकाच्या सुरीला परवाना लागत नाही, बंदुकीला लागतो. तेव्हा "त्याला लायसन्स नाही" ही तक्रार करताना आपल्याला ते का लागते, हेही आठवले पाहिजे.

आमच्या सवयीप्रमाणे थोडा हिशेब करू. मोटार धरा 1200 किलोची, वेग ताशी 40 किलोमीटर. सायकल आणि तिच्यावरचा माणूस मिळून धरा 85 किलो, वेग ताशी 15. शाळेत शिकलेले सूत्र लावले, तर मोटारीची गतिज ऊर्जा सायकलीच्या सुमारे 100 पट निघते. दोघांनी एकाच वेळी सिग्नल तोडला, तर गुन्हा एकच दिसतो, पण एकाच्या चुकीत शंभर पट धोका भरलेला असतो. सायकलवाला चुकला तर बहुधा त्याचेच हाड मोडते. मोटारवाला चुकला तर बहुधा दुसऱ्याचे.

टॅक्सचाही हिशेब असाच आहे. सायकलवाला सायकल घेताना जीएसटी भरतो, आणि शहरातले रस्ते ज्या तिजोरीतून होतात तिच्यात तोही आपापल्या परीने भर घालतो. रस्ता झिजवण्यात मात्र त्याचा वाटा जवळजवळ शून्य. अमेरिकेत इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात एक मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ढोबळ नियम असा की, रस्त्याचे नुकसान आसावरच्या भाराच्या चौथ्या घातात वाढते. वरच्याच मोटारीला आणि सायकलीला तो लावून पाहा. मोटारीचा एक आस सायकलीच्या आसापेक्षा सुमारे 40,000 पट झीज करतो. टॅक्स झिजेप्रमाणे लावायचा ठरला, तर सायकलवाल्याला वर्षाला एक पैसाही द्यावा लागणार नाही.

हे सारे विनोदाने घेतले तरी आकडे हसण्यासारखे नाहीत. 2022 मध्ये देशात 4,61,312 रस्ते अपघात झाले आणि 1,68,491 माणसे गेली. अपघातांच्या संख्येत तमिळनाडूनंतर दुसरा क्रमांक आपल्या मध्य प्रदेशाचा. मृतांमध्ये जवळजवळ 64 टक्के दुचाकीस्वार आणि पायी चालणारे. सायकलस्वार तीन टक्क्यांच्या आसपास, पण आता रस्त्यावर ते उरलेतच किती?

आपल्या शहराने सायकलीसाठी काही केले नाही असे नाही. 2017 च्या जूनमध्ये भोपाळमध्ये सार्वजनिक सायकल योजना सुरू झाली : 500 सायकली, मोबाइलवरून भाड्याने घ्यायच्या, आणि होशंगाबाद रोडच्या बाजूने सुमारे 12 किलोमीटरचा वेगळा ट्रॅक. देशभर कौतुक झाले. पण ट्रॅक केला की तो मोकळा राहतो असे नसते. दुकानापुढची जागा म्हणून त्यावर मोटारी उभ्या राहिल्या, ठेले लागले, बाइकवाल्यांना तो सिग्नल चुकवायचा जवळचा रस्ता वाटला. शेवटी सायकलवाला ट्रॅक सोडून मुख्य रस्त्यावर आला. मग मोटारवाला काच खाली करून ओरडतो, "ट्रॅक दिला आहे ना, त्यावरून जा!" पुढे 2013 मध्ये सुरू झालेला बीआरटीएसचा कॉरिडॉरही नको झाला, आणि 2024 च्या जानेवारीत बैरागढच्या बाजूने तो काढायला सुरुवात झाली. मधल्या जाळ्या गेल्या की मोटारीला रस्ता रुंद मिळतो. रुंद रस्त्यावर अॅक्सिलरेटरवरचा पाय आपोआप जड होतो, हे आम्हा रस्तेवाल्यांना चांगले ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा की, सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो.

राँग साइडचेही असेच आहे. समजा, डिव्हायडरमधला कट एक किलोमीटर लांब आहे. पलीकडच्या दुकानाशी जायचे तर दोन किलोमीटरचा फेरा. मोटारीला तीन मिनिटे लागतात. ताशी 12 च्या वेगाने सायकलवाल्याला दहा, आणि त्यात आपले भोपाळ चढ-उताराचे. अरेरा हिल्स किंवा श्यामला हिल्सच्या चढावर एकदा थांबले की पुन्हा सायकल हलवायला छाती भरून येते. तो उलटा येतो ते चूकच आहे. पण रस्ता आखताना त्याचा विचारच झाला नसेल, तर त्या चुकीत आखणाऱ्याचाही वाटा असतो.

आणि हा सायकलवाला कोण? सकाळी व्हीआयपी रोडवर हेल्मेट घालून, महागड्या सायकलीवर दिसतात ती हौशी मंडळी. वर्तमानपत्रांत वाद होतो तो त्यांच्याशी. पण अंधार पडल्यावर काळ्या जड सायकलीवरून कोलारकडे किंवा मिसरोदकडे परतणारा चौकीदार, रंगारी, माळी, पहाटेचा पेपरवाला, कॅन लटकवलेला दूधवाला, हे वर्तमानपत्रात पत्र लिहीत नाहीत. त्यांना सायकल ही हौस नाही. तेच आपल्या कॉलनीत येतात, आपली कामे करतात आणि जाताना त्याच रस्त्याने जातात, जिथे आपण मागून हॉर्न देतो.

इतर देशांनी ही गाठ कशी सोडवली? नेदरलँड्समध्ये मोटार आणि सायकल यांची टक्कर झाली की नुकसानभरपाईचा भार मुळात मोटारवाल्यावर असतो. सायकलवाला चौदा वर्षांखालचा असेल तर त्याची चूक असली तरी पूर्ण भरपाई, मोठा असेल तरी किमान अर्धी. त्यामुळे तिथला मोटारवाला सायकल दिसली की आपोआप सावध होतो. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याने 1982 मध्येच सायकलवाल्याला 'थांबा' पाटीपाशी पूर्ण न थांबता, पाहून पुढे जायची मुभा दिली. सगळे जसेच्या तसे इथे आणा, असे आम्ही म्हणत नाही. पण वजन आणि धोका पाहून नियम करता येतात, एवढे यातून दिसते.

आता सायकलवाल्यांच्या बाजूच्या लोकांनाही चार शब्द. लहान आहोत म्हणून नियम माफ, असे कोणी समजू नये. दिव्याशिवाय रात्री निघणे म्हणजे मोटारवाल्याला अशक्य परीक्षेला बसवणे आहे. कितीही सज्जन चालक असला तरी जे दिसत नाही ते तो टाळू शकत नाही. वळताना हात दाखवावा. बसच्या किंवा ट्रकच्या डाव्या बाजूला घुसू नये, तिथे चालकाला आपण दिसत नाही. राँग साइडने जायची वेळ आली तर सरळ उतरून सायकल हातात धरून चालावे. उतरला की तो पायी माणूस झाला.

मोटारवाल्यांना तीनच गोष्टी. सायकल ओलांडताना दीड मीटर जागा सोडा. जर्मनीत शहरात एवढेच अंतर कायद्याने लागते. डावीकडे वळायचे तर सायकल पुढे जाऊ द्या, मग वळा. आणि दार उघडण्यापूर्वी आरसा पाहा. यात एका फेरीत फार तर अर्धे मिनिट जाईल.

शेवटी मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, यंदाच्या गणेशोत्सवात मंडपाजवळ रस्त्याची डावी कड दोन मीटर मोकळी राहील, तिथे कोणाचीही गाडी उभी राहणार नाही, मग ती अध्यक्षांची असो वा पाहुण्यांची. दोन-दोन स्वयंसेवक आरतीच्या वेळी तिथे उभे करावेत. दुसरी, सजावटीच्या खर्चातून थोडे पैसे काढून आपल्या कॉलन्यांत सायकलने येणाऱ्या सगळ्यांच्या सायकलींना मागे लाल आणि पुढे पांढरी चमकणारी पट्टी लावून द्यावी, आणि मागचा छोटा दिवाही. एका दिव्याची किंमत आपल्या एका हाराच्या किमतीपेक्षा फार नसते. तिसरी, उत्सवातल्या रविवारी सकाळी मुलांना सायकल कशी चालवावी हे शिकवावे, आणि त्याच वेळी त्यांच्या आई-वडिलांना सायकलजवळून मोटार कशी चालवावी हेही. आज आपण मुलांना सायकलने ट्यूशनला पाठवत नाही, कारण रस्त्याची भीती वाटते. ती भीती ज्या गाड्यांमुळे आहे, त्यांतल्या पुष्कळ आपल्याच दारात उभ्या आहेत.

ज्याची आपण दहा दिवस पूजा करतो, त्याने एवढा मोठा देह असून वाहन निवडले ते उंदीर. मोठ्याने लहानाला सांभाळून घ्यावे, हे आपल्या घरात रोज बोलले जाते. तेवढेच रस्त्यावर आणायचे आहे.

 गणपती बाप्पा मोरया!