संगणकाची स्मृति : आज घ्यावी कीं थांबावें ?



२०२५ सालच्या एप्रिलांत माझ्या भाचीनें मला एक प्रश्न विचारला. ती वास्तुकलेची विद्यार्थिनी. तिच्या जुन्या संगणकावर मोठा नकाशा उघडला कीं यंत्र दमून बसे. "मामा, आहे त्यांतच रॅम वाढवूं, कीं नव्या पद्धतीच्या रॅमचा नवा संगणकच घेऊं ? कीं दिवाळीपर्यंत थांबूं ? भाव उतरतीलच." मीं वडीलकीच्या थाटांत सांगितलें, "थांब." तो सल्ला साफ चुकला. तो कां चुकला, हेंच आज सांगावयाचें आहे.

रॅम म्हणजे संगणकाचें मेज. ग्रंथ कपाटांत असतात, परंतु वाचण्यासाठीं ते मेजावर आणावे लागतात. मेज लहान असलें कीं दर घटकेस उठावें लागतें. या स्मृतीचें आजचें रूप आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांनीं शोधून काढलें. १९६८ सालीं त्यांना त्याचें पेटंट मिळालें. माहितीचा प्रत्येक कण म्हणजे विजेचा एक सूक्ष्म सांठा. तो सारखा गळतो, म्हणून सेकंदांतून अनेक वेळां पुन्हां भरावा लागतो. वीज गेली कीं सारें पुसलें जातें.

या रॅमच्या पिढ्या असतात. डीडीआर ४ चें मानक २०१२ सालीं ठरलें, तर डीडीआर ५ चें २०२० च्या जुलैंत. जुनीची नेहमीची गति ३२००, तर नवीचा आरंभच ४८०० पासून. आंकडे पाहून मन भुलतें. परंतु गति म्हणजे रस्त्याची रुंदी. पहिली गाडी दाराशीं केव्हां पोंचते, हा प्रश्न निराळा. चांगल्या डीडीआर ४ ला त्यासाठीं सुमारें १० नॅनोसेकंद लागत, तर आरंभींच्या डीडीआर ५ ला सुमारें १७ ! २०२१ मध्यें ज्यांनीं उतावीळपणें ती घेतली, त्यांनीं दाम अधिक मोजून लाभ थोडाच पदरांत घेतला. पुढें ६००० गतीची चांगली रॅम आली, तेव्हां तो विलंबहि १० वर उतरला. जे थांबले, ते शहाणे ठरले.

शिवाय नवें तें टिकतेंच असें नाहीं. २००० सालच्या नोव्हेंबरांत इंटेलचा पेंटियम ४ आला, तो रॅम्बस नांवाच्या महाग स्मृतीसह. थोड्याच वर्षांत स्वस्त डीडीआरनें तिला बाजारांतून हुसकून लावलें. ज्यांनीं ती घेतली, त्यांना पुढें तिची जोड मिळणेंहि दुर्घट झालें.

मग मीं "थांब" म्हटलें, त्यांत चुकलें कोठें ? थांबण्यालाहि किंमत असते, हें मी विसरलों. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड यंत्रशाळांसाठीं विशेष स्मृतीची मागणी वाढली, आणि कारखान्यांनीं आपलें बळ तिकडे वळविलें. डीडीआर ४ बनविणें मोठे उत्पादक आटोपतें घेऊं लागले. त्यामुळें २०२५ च्या जूनच्या सुमारास जुन्या मालाचा घाऊक भाव नव्याच्याहि वर गेला! शरद् ऋतूंत डीडीआर ५ चे भावहि भडकले. डिसेंबरांत तर मायक्रॉन कंपनीनें घरगुती ग्राहकांसाठीं चालविलेला आपला क्रूशल हा व्यवसायच बंद करण्याचें जाहीर केलें. दिवाळी आली आणि गेली. स्वस्ताई आली नाहीं. अखेर भाचीनें जुन्याच जातीची रॅम घेतली, एप्रिलांतील किंमतीच्या दुपटीहून अधिक देऊन.

परंतु खरा तोटा पैशाचा नव्हे. आठ महिने ती पोर नकाशा उघडण्याची वाट पाहत रात्री जागली. माझ्या हिशेबांत त्या रात्रींचा रकाना नव्हताच.

म्हणून माझें सांगणें इतकेंच. प्रथम आपलें नेहमींचें काम चालूं असतांना रॅम किती भरते, तें संगणकांतच पाहावें. ती भरत नसेल, तर नवी घेऊन उपयोग नाहीं, खुशाल थांबावें. ती भरत असून बाकीचें यंत्र धड असेल, तर त्याच जातीची जोड आजच घ्यावी. जुना माल दुर्मिळ होत जातो, तसा तो महागतोहि. नवी रॅम जुन्या यंत्रांत बसत नाहीं, तिची खांचच वेगळ्या जागीं असते. म्हणून तिच्यासाठीं मदरबोर्ड आणि बहुधा प्रोसेसरहि बदलावा लागतो. तेव्हां सगळें यंत्रच थकलें असेल, तरच नव्या पिढीकडे वळावें.

बाजार उद्यां काय करील, हें व्यापाऱ्यालाहि ठाऊक नसतें. आपलें काम आज अडलें आहे कीं नाहीं, हें मात्र आपल्याला पक्कें ठाऊक असतें. जें ठाऊक आहे, त्यावरून निर्णय करावा. भाचीला मीं तेंच विचारावयास हवें होतें.