दुसऱ्यांदा मांडलेला डाव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

व्हिडिओ गेमवर बोलायचे आहे असे मी कळवले तेव्हा कार्यक्रम अधिकारी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे मुलांवर होणाऱ्या दुष्परिणामांविषयी ना?" मी म्हटले, "नाही, गेममधल्या गोष्टीविषयी." ते हसले. त्यांना दोष देत नाही. काही वर्षांपूर्वी या विषयावर कुणी रेडिओवर बोलू लागले असते, तर मी रेडिओच बंद केला असता.

२०१८च्या उन्हाळ्यात माझ्या मुलाने 'द विचर ३' नावाचा गेम आमच्या लोणखेड्याच्या घरी डाउनलोड केला. इंटरनेटच्या कृपेने त्याला चार रात्री लागल्या. हा गेम पोलंडमधल्या 'सीडी प्रोजेक्ट रेड' या कंपनीने २०१५ साली काढला. आंद्रे सापकोव्हस्की या पोलिश लेखकाच्या कथा-कादंबऱ्यांतला गेराल्ट नावाचा राक्षसांचा शिकारी त्याचा नायक. मुलगा सुट्टीभर खेळला. बारावीचे वर्ग सुरू झाले तरी खेळत होता. जुलैमध्ये एकदा तो दोन दिवस जेवताना गप्प गप्प होता. विचारले तर "काही नाही". मी मनाशी ठरवून टाकले की हे व्यसनाचे लक्षण. त्या रात्री तो झोपल्यावर मी संगणक उघडला आणि त्याने जपून ठेवलेला खेळ पुसून टाकला. एकशे वीस तासांचा खेळ होता. त्याची नक्कल कुठेही नव्हती.

सकाळी तो ओरडला नाही, रडला नाही. एवढेच म्हणाला, "पप्पा, मी गेममुळे गप्प नव्हतो. बॅरनमुळे होतो."

हा बॅरन कोण, हे मला पुढे दोन महिन्यांनी कळले. ते सांगण्याआधी या गेमचा प्रकार समजावून सांगायला हवा, कारण आपल्यापैकी अनेकांच्या मनात व्हिडिओ गेम म्हणजे धावणारा मारिओ किंवा मोबाइलवरची गोळीबारी.

हा प्रकार 'ओपन वर्ल्ड', म्हणजे मोकळ्या जगाचा. आमच्याकडे पावसाळा सरला आणि हवा स्वच्छ झाली की उत्तरेला सातपुड्याची रांग दिसते. तोरणमाळ तिकडे, पन्नासेक किलोमीटरवर. तिथे जायचे तर सरळ घाटाने जा, वाटेत नातेवाइकांकडे दोन दिवस राहा, नाहीतर जाऊच नका, उलट दिशेने प्रकाशाला तापीवर जा. कुणी अडवत नाही. मोकळ्या जगाचा गेम असाच असतो. डोंगर दिसला की तिथे जाता येते. आणि त्या जगात ठिकठिकाणी माणसे भेटून आपल्याला काम सांगतात. त्या कामाला 'क्वेस्ट' म्हणतात, आपण कामगिरी म्हणू. कुणाची हरवलेली मुलगी शोधायची असते, कुणाचे भांडण मिटवायचे असते, कुणाच्या विहिरीतली हडळ घालवायची असते. (घोड्यांविषयी मात्र या लोकांना काही कळत नाही. 'स्कायरिम' गेममधला घोडा जवळजवळ उभा कडा चढून जातो. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात कुणी हे दाखवले, तर व्यापारी त्या घोड्याची काय किंमत सांगतील देव जाणे.)

पुसलेल्या खेळाचे प्रायश्चित्त म्हणून मी मुलाला दर रविवारी तीन तास दिले आणि त्याने अट घातली की मी शेजारी बसायचे. खेळ अगदी पहिल्यापासून सुरू झाला. माझी आई पलीकडे लसूण सोलत बसायची.

तर बॅरन. हा एका गढीचा मालक. दारुडा, बायकोला मारणारा. बायको आणि मुलगी घर सोडून गेल्या आहेत आणि त्यांना शोधण्याचे काम तो गेराल्टला सांगतो. हळूहळू कळते की दोष कुणाचा होता. पण हेही दिसते की हा माणूस आतून पार खचला आहे. बायको सापडते ती एका दलदलीत. तीन चेटकिणींची दासी होऊन ती तिथे अनाथ मुले सांभाळते आहे. जवळच्या टेकडीवर एका झाडात कोंडलेला आत्मा आहे. तो म्हणतो, मला सोडव, मी त्या मुलांना वाचवतो. चेटकिणींना तो मेलेला हवा आहे. सोडवायचे की मारायचे, ते खेळणाऱ्याने ठरवायचे.

पहिल्या वेळी माझ्या मुलाने आत्म्याला सोडवले. कोणत्याही सतरा वर्षांच्या मुलाने तेच केले असते. मुले वाचली. पण सुटलेल्या आत्म्याने शेजारच्या गावात कत्तल केली. चेटकिणींनी चिडून बॅरनच्या बायकोला पाण्यातली हडळ करून टाकले आणि त्यातच ती मेली. पुढे मुलगा गढीवर परतला तेव्हा बॅरनने झाडाला गळफास घेतलेला होता.

म्हणून तो दोन दिवस जेवताना गप्प होता. आणि मी त्याला व्यसनी ठरवले होते.

यातली खुबी मला नंतर उमगली. संगणकाच्या गेममध्ये चूक झाली की मागे जाऊन जपून ठेवलेला खेळ पुन्हा उघडता येतो. त्यामुळे निर्णयाला वजन राहत नाही. या कंपनीने २००७च्या पहिल्या 'विचर'पासून त्यावर तोड काढली. निर्णय आत्ता घ्यायचा, त्याचे फळ मात्र कित्येक तासांनी समोर यायचे. तोवर इतके पाणी वाहून गेलेले असते की मागे जायचे म्हणजे सगळेच सोडायचे.

आता याच्या उलट टोकाचे सांगतो. अमेरिकेतल्या 'बेथेस्डा' कंपनीचा 'डॅगरफॉल' हा गेम १९९६ साली आला. त्याचे जग जवळजवळ ब्रिटनएवढे असल्याचे सांगितले गेले, आणि गावे, भुयारे, मंदिरे अशी सुमारे १५ हजार ठिकाणे त्यात होती. एवढी ठिकाणे माणूस कुठून लिहिणार? ती संगणकाने जुळवलेली होती. त्याच कंपनीच्या २०११च्या 'स्कायरिम'मध्ये न संपणाऱ्या कामगिऱ्यांची सोय केली गेली. खानावळवाला सांगतो, अमक्या गुहेत दरोडेखोर आहेत, मारून या. मारून आलात की दुसरी गुहा. गुहेचे नाव संगणक निवडतो. रोजगार हमीच्या हजेरीपटासारखे हे मला वाटले. खड्डा बदलतो, काम तेच. कामगिऱ्या कधीच संपत नाहीत, म्हणून हा गेम कितीही खेळता येतो असे त्याचे चाहते सांगतात. न संपणे वेगळे आणि पुन्हा खेळावेसे वाटणे वेगळे, हे मी मुलाच्या मित्रांना पुष्कळ समजावले. त्यांना पटले नाही.

त्यांच्या बाजूनेही एक गोष्ट खरी आहे. 'स्कायरिम' लोक आजही खेळतात, पण ते त्या गुहांसाठी नव्हे. बर्फातून नुसते भटकायला बरे वाटते म्हणून. शिवाय खेळणाऱ्यांनी स्वतः रचून त्यात घातलेल्या हजारो भरी आहेत. त्याला मी नाही म्हणत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. त्या गेममध्ये एकच माणूस एकाच वेळी योद्ध्यांच्या टोळीचा म्होरक्या, जादूच्या विद्यापीठाचा प्रमुख, चोरांचा नायक आणि मारेकऱ्यांचा पुढारी होऊ शकतो. यादवी युद्धात बाजू निवडावी लागते हे खरे, पण इतरत्र सगळी दारे उघडी. सगळे एकाच खेपेत मिळाले, तर दुसऱ्यांदा कशासाठी यायचे?

याच कंपनीचा २००२चा 'मॉरोविंड' जुना आणि ओबडधोबड, पण मला तो अधिक शहाणा वाटतो. त्यात तीन घराणी आहेत. एका घराण्यात शिरलात की त्या खेपेला बाकीच्या दोघांची दारे बंद. कथेला आवश्यक असलेला माणूस तुम्ही मारलात, तर गेम फक्त कळवतो की भविष्यवाणीचा धागा तुटला, आता हवे तर मागे जा, नाहीतर या बुडालेल्या जगात राहा. 'स्कायरिम'मध्ये अशी कित्येक माणसे मरतच नाहीत. गुडघ्यावर बसतात आणि थोड्या वेळाने उठतात. २०१०चा 'फॉलआउट : न्यू व्हेगास' हा 'ऑब्सिडियन' कंपनीने अवघ्या दीड वर्षात केलेला गेमही याच मताचा. एका धरणावरून लढाई होते आणि त्यात चारांपैकी एका बाजूने तुम्हाला उतरावे लागते. तीन बाजू राहून जातात. त्या राहिलेल्या बाजू माणसाला परत बोलावतात.

मग सगळेच असे गेम का करत नाहीत? खर्च. एका कामगिरीला दोन शेवट द्यायचे तर दोन्ही लिहावे लागतात, नटांकडून बोलून घ्यावे लागतात, तपासावे लागतात, आणि बहुतेक लोक त्यातला एकच पाहतात. निम्मे पाहुणे ज्या खोलीत कधी येणार नाहीत, ती खोलीही तितकीच नीट बांधायची. पुण्यात तयार झालेला 'राजी' हा गेम २०२० साली आला. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, आपल्या पुराणांतले देव आणि असुर, राजस्थानी वाडे असे त्याचे जग. दिसायला देखणा, पण वाट एकच, ठरलेली. छोट्या चमूने केलेल्या पहिल्या गेमकडून मोकळ्या जगाची अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. पण दलदलीतली ती टेकडी आपल्याकडच्या कुणीतरी लिहावी असे मला फार वाटते, कारण सामग्रीची आपल्याला ददात नाही.

सभापर्वच घ्या. द्यूतात युधिष्ठिर सर्वस्व हरतो, स्वतःला हरतो, द्रौपदीला पणाला लावतो. मग धृतराष्ट्र द्रौपदीला वर देतो आणि गेलेले सगळे परत मिळते. आजच्या भाषेत, जपून ठेवलेला खेळ उघडून दिला जातो. आणि मग काय होते? हस्तिनापुराहून पुन्हा बोलावणे येते, आणि युधिष्ठिर पुन्हा पटावर जाऊन बसतो. समोर तोच शकुनी, शेवट काय होणार ते ठाऊक. तरी खेळतो, हरतो, आणि बारा वर्षे वनवास व एक वर्ष अज्ञातवास पदरी घेतो. याला अनुद्यूत म्हणतात. लहानपणी मला हा भाग कंटाळवाणा वाटायचा. तेच पुन्हा कशाला, असे वाटायचे. आता पहिल्या द्यूतापेक्षा मला दुसरेच जास्त जड वाटते. पहिल्या वेळी तो फसला असे म्हणायला जागा आहे. दुसऱ्या वेळी ती उरत नाही.

आमच्या घरी सप्टेंबरच्या एका रविवारी तेच झाले. मुलगा पुन्हा त्या टेकडीवर पोहोचला. मी म्हटले, "आता सोपे आहे, तुला सगळे माहीत आहे." तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग त्याने आत्म्याला मारले. गाव वाचले. बॅरनची बायको जगली, पण भान हरपलेली. बॅरन तिला घेऊन दूर डोंगरातल्या एका वैद्याकडे निघाला. आणि दलदलीतली अनाथ मुले नाहीशी झाली. चेटकिणींनी त्यांचे काय केले हे सांगायची गरज नव्हती.

आई लसूण बाजूला ठेवून विचारत होती, "मंग, ती बाई वाचनी का?"

"वाचली, आजी."

"आन् पोरं?"

मुलगा काही बोलला नाही. नंतर अंगणात मला म्हणाला, "पप्पा, पहिल्या वेळी मला माहीत नव्हतं. आज माहीत असून मी मुलं जाऊ दिली." मी म्हटले, "अरे, गेम आहे." हे वाक्य तोंडातून गेल्याबरोबर मला त्याची लाज वाटली. ज्या गोष्टीला मी व्यसन म्हणून पुसले होते, तिला आता मीच खोटी म्हणत होतो, आणि दोन्ही वेळा मी ती नीट पाहिलेली नव्हती.

सारंगखेड्याच्या यात्रेत वडिलांबरोबर मी एकच वग दोन-तीन वेळा पाहिला आहे. शेवट पाठ असायचा, तरी रडू यायचे. पण तिथे मी प्रेक्षक होतो. राजाने चूक केली तर ती राजाची चूक. इथे कळ माझ्या बोटाखाली असते. इतकाच फरक आहे, आणि तो थोडाथोडका नाही.

मुलगा आता पुण्यात नोकरी करतो. जुना संगणक इथेच आहे. गेल्या पावसाळ्यात मी स्वतः खेळायला सुरुवात केली. बोटे नीट चालत नाहीत, साधे लांडगेसुद्धा मला मारतात, आणि मुलगा फोनवर हसतो. दिवाळीपर्यंत मी त्या टेकडीवर पोहोचलो. आत्मा बोलू लागला. मी सगळे ऐकून घेतले, खेळ जपून ठेवला आणि संगणक बंद केला. अजून उघडलेला नाही. मुलगा दर रविवारी फोनवर विचारतो, "पप्पा, काय ठरवलं?" मी त्याला म्हणतो, "जेवलास का तू?"