लांब रेणूंचें वजन आणि मिश्रणाची कसोटी



अजिंठ्याचीं लेणीं आपल्या छत्रपती संभाजीनगरापासून सुमारें शंभर किलोमीटरांवर आहेत. तेथील चित्रांवर काळानें जसा हात फिरविला, तसा त्यांच्या रक्षणकर्त्यांनींही फिरविला. १९२० ते १९२२ च्या सुमारास निझाम सरकारनें चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांस पाचारण केलें, आणि चित्रांवर लाखेच्या रोगणाचा लेप चढला. पुढें स्वातंत्र्योत्तर काळांत पुरातत्त्व खात्यानें रंग घट्ट धरून ठेवण्यासाठीं पॉलिव्हिनाइल ॲसिटेट हें कृत्रिम बहुवारिक वापरलें. लाख पिवळी पडली, लेपांवर मळ बसला, आणि ते उतरविण्याचा प्रश्न उभा राहिला. खालच्या रंगास धक्का न लावतां लेप उतरवावयाचा, तर तो कशाचा आहे आणि कालांतरानें त्याचें काय झालें आहे, हें आधीं कळलें पाहिजे. परीक्षेस मिळणार तो मोहरीहूनही लहान कण. अशा कणांतील रेणूंचें वजन करण्याची एक रीत आज आपण पाहूं.

बहुवारिक म्हणजे त्याच त्या घटकाची लांबच लांब साखळी. पॉलिव्हिनाइल ॲसिटेटच्या एका दुव्याचें वस्तुमान ८६, तर पॉलिस्टायरीनच्या दुव्याचें १०४. सर्व साखळ्या सारख्या लांबीच्या नसतात. एकींत चाळीस दुवे, तर दुसरींत साठ. वस्तुमान-वर्णपटमापक यंत्र त्यांस निर्वातांत धांवावयास लावतें. हलकी साखळी आधीं पोंचते, जड मागून येते. वेळेवरून वस्तुमान कळतें. आलेखावर शिखरांची रांग उमटते, आणि लगतच्या शिखरांतील अंतर ८६ भरलें तर दुवा कोणता याचा माग लागतो.

परंतु त्यासाठीं साखळी अखंड उडाली पाहिजे व तिला विद्युद्भार मिळाला पाहिजे. लेसरचा किरण सरळ तिच्यावर टाकला तर ती तुटण्याचें भय. म्हणून तिला अशा लहान रेणूंच्या स्फटिकांत मिसळतात, कीं जे किरण स्वतः शोषून घेतात आणि उडतांना तिला सोबत नेतात. या द्रव्यास मॅट्रिक्स म्हणतात. आपण आधारद्रव्य म्हणूं. जर्मनींत कारास व हिलेनकाम्प यांनीं १९८० नंतरच्या दशकांत ही रीत घडविली. त्याच सुमारास जपानांत तानाका यांनीं ग्लिसरीन व कोबाल्टची बारीक पूड यांच्या मिश्रणांतून मोठे रेणु उडवून दाखविले. २००२ च्या नोबेल पारितोषिकांत त्यांस वांटा मिळाला. पॉलिस्टायरीनसाठीं डायथ्रॅनॉल हें आधारद्रव्य व चांदीचा क्षार घेतात, कारण त्या साखळीस चांदीचा आयन चिकटतो. पॉलिव्हिनाइल ॲसिटेटसारख्या प्राणवायुयुक्त साखळीस सोडियमचा आयन चालतो.

एका साखळीमागें आधारद्रव्याचे हजारों रेणु लागतात. प्रत्येक साखळी शेजारणीपासून अलग राहिली पाहिजे. खरी अडचण येथेंच आहे. मिठाचें पाणी ताटलींत सुकूं दिलें तर मीठ कडेला कड्यासारखें जमतें. पोलादी पट्टीवरील थेंबाचें तसेंच होतें. दोन द्रावक मिसळले असतील तर एक आधीं उडून जातो, उरलेल्यांत साखळी विरघळत नाहीं आणि तिच्या गुठळ्या होतात. मग किरण एका जागीं पडला तर शिखरें उमटतात, केसभर सरकला कीं कांहीं नाहीं. यास्तव बहुवारिकाच्या ध्रुवीयतेशीं जुळणारें आधारद्रव्य निवडावें, शक्य तों तिन्ही द्रव्यें एकाच द्रावकांत विरघळवावीं, थर पातळ देऊन लवकर सुकवावा, आणि अनेक जागांवरील नोंदींची सरासरी घ्यावी.

जुन्या लेपांत आणखी एक पेंच असतो. लाखेचे रेणु वय वाढतां एकमेकांस जोडले जातात व ती अल्कोहोलांत नीट विरघळेनाशी होते. जें विरघळत नाहीं तें मिसळावें कसें? द्रावक वगळून, वैद्य औषध घोटतात तसें, तें आधारद्रव्याबरोबर खलांत किंवा गोळ्यांच्या चक्कींत घोटतात. मात्र ज्याचें एकसंध जाळें बनलें, त्यास हा उपाय लागू नाहीं. त्यांत सुट्या साखळ्याच उरत नाहींत.

शिवाय साखळ्यांच्या लांबींत फार तफावत असली, कीं आंखूड साखळ्यांचीं शिखरें मोठीं दिसतात आणि लांब साखळ्या मुक्या राहतात. अशा वेळीं जेलच्या नळींतून त्या आधीं लांबीप्रमाणें वेगळ्या कराव्या लागतात. ही खबरदारी कां घ्यावयाची? समजा, मिश्रण बिघडलें आणि लांब साखळ्यांची नोंदच झाली नाहीं. तर लेपाचे तुकडे पडले आहेत, तो सहज निघेल, असा ग्रह होईल. प्रत्यक्षांत अखंड असलेला तो लेप द्रावक लागतांच फुगेल आणि खालचा रंग ओढून घेईल. भिंतीवरून सुटलेला रंगाचा पापुद्रा पूर्वींसारखा परत बसत नाहीं. म्हणून निरनिराळ्या रीतींनीं केलेलीं दोन-तीन मिश्रणें एकच साक्ष देईपर्यंत तज्ज्ञानें आपला हात चित्रापासून दूर ठेवावा, हेंच श्रेयस्कर होय.