घन पदार्थातील गोंगाट



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचे शिक्षण शाळेपेक्षा वाचनालयातच अधिक झाले. तरीही आज अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनावर बोलतो आहोत. आपल्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ही विद्या वापरली जाते. गावातली विद्या गावाला ठाऊक असावी, एवढाच हेतू.

प्रबळ चुंबकात ठेवलेले अणुकेंद्र रेडिओलहरींच्या ठराविक कंप्रतेला साद देते. भोवतालच्या इलेक्ट्रॉनांमुळे ती कंप्रता किंचित सरकते आणि त्यावरून रेणूची रचना कळते. १९५१ साली स्टॅनफर्ड येथे आर्नोल्ड आणि पॅकार्ड यांच्यासह एस. एस. धर्मट्टी यांनी साध्या मद्यार्कातील हायड्रोजनाच्या तीन वेगळ्या खुणा दाखविल्या. पुढे धर्मट्टींनीच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हे काम उभे केले.

मद्यार्क हा द्रव. द्रवात रेणू सैरावैरा फिरतात, शेजाऱ्यांची ओढाताण सरासरीत मिटते आणि रेषा बारीक उमटते. घनात सारे जागच्या जागी. प्रत्येक केंद्र शेजाऱ्याला ओढते आणि रेषा हजारो हर्ट्झ रुंद होते. गिरणीच्या दारावर सगळे एकदम बोलू लागावेत, तसे!

१९५८ साली अँड्र्यू, ब्रॅडबरी आणि ईड्झ यांनी नमुना चुंबकीय क्षेत्राशी ५४.७ अंशांच्या कोनात गरगर फिरवून हा गोंगाट कमी केला. आज सेकंदाला लाखाहून अधिक फेरे देता येतात. तरीही हायड्रोजनांची थोडी ओढाताण उरतेच. शिवाय काचेसारख्या पदार्थात प्रत्येक केंद्राचा शेजार वेगळा असतो. ती रुंदी कितीही फिरवून जात नाही. तो यंत्राचा दोष नव्हे, पदार्थाचे खरे रूप आहे.

आणखी एक गोष्ट. दोन केंद्रांतील अंतर त्या ओढाताणीतच लिहिलेले असते. फिरवून रेषा बारीक केली की ते पुसले जाते. मग रेडिओलहरींचे मोजके ठोके देऊन ते परत मिळवावे लागते.

एका वाटाघाटीत आमच्यापुढे सरासरी पगाराचा आकडा ठेवला गेला. आकडा खरा होता. आम्ही सही केली. बदली कामगाराची रिकामी चूल त्यात दिसत नव्हती. ते परत मिळवायला पुढे वर्षे गेली. चूक आमचीच होती. आकडा कशाने गुळगुळीत झाला, हे आम्ही विचारले नाही. आपण विचारावे, एवढी विनंती करून आम्ही रजा घेतो.