घरपट्टी आणि मुलांची शाळा
(पालकांच्या सभेतील भाषण)



घरपट्टी वाढवावयाची की शाळेच्या खर्चाला कात्री लावावयाची, हा प्रश्न निव्वळ हिशोबाचा आहे असे आपणांस नेहमी सांगितले जाते. हिशोबाचा तो आहेच. परंतु भरतो कोण आणि मिळते कोणाला, हे पाहिल्याशिवाय हा हिशोब उलगडत नाही. अमेरिकेत शाळांच्या खर्चाचा मोठा भार स्थानिक घरपट्टीवर असतो. म्हणून तेथीलच एका खटल्याची हकिकत सांगतो.

टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ शहरात एजवुड आणि अलामो हाइट्स असे दोन शाळा-विभाग आहेत. एजवुडची वस्ती मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची. अलामो हाइट्सची सधन गोऱ्यांची. १९६७-६८ साली एजवुडचे लोक मालमत्तेच्या दर शंभर डॉलर मूल्यावर १.०५ डॉलर कर भरीत, तर अलामो हाइट्सचे लोक अवघे ८५ सेंट. म्हणजे कराचा दर गरिबाचाच अधिक! आणि त्या करातून शाळेला दर मुलामागे मिळाले किती? एजवुडला २६ डॉलर, अलामो हाइट्सला ३३३. राज्याची मदत धरूनही ही दरी बुजली नाही. घराचे मोलच कमी, तेथे कर कितीही पिळला तरी गळणार थेंबच.

१९६८ च्या मे महिन्यात एजवुडची मुले वर्ग सोडून रस्त्यावर आली. त्यांच्यामागून पालक न्यायालयात गेले. २१ मार्च १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नव्हे आणि शाळांवर स्थानिक लोकांचा ताबा असणे हा रास्त हेतू होय, असे बहुमत पडले. रिकाम्या कणगीची मालकी ती हीच! १९५४ साली वर्णभेदी शाळांविरुद्धचा खटला वकील म्हणून लढविणारे थर्गुड मार्शल या वेळी न्यायासनावर होते. त्यांनी कडाडून विरोधी मत नोंदविले.

आपल्याकडे जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हीच तक्रार मांडली होती: महसूल रयतेच्या श्रमातून, आणि त्यावर शिक्षण वरिष्ठ वर्गाचे. आज मात्र आपल्या राज्यघटनेत २००२ च्या दुरुस्तीने आलेले कलम २१-अ आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा हक्क त्याच्या वस्तीच्या घरपट्टीवर टांगता येत नाही.

आता एक अवघड गोष्ट. मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर माफ झाला. लहान घराला मिळालेली ही सवलत मी अन्याय्य म्हणणार नाही. आपल्यातील कित्येकांना तिचा आधार आहे. पण तिजोरीत पडणारी तूट मोठ्या मालमत्तांकडून भरून घ्यावयाची की पालिकेच्या शाळांतून, हे विचारण्याचे काम आपले आहे. सवलत घेऊन गप्प बसणे आपल्याच मुलांना महागात पडेल.

म्हणून पुढील अंदाजपत्रकापूर्वी आपल्या शाळेत शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, हे प्रत्येक पालकाने मोजून आणावे. तो कागद घेऊन आपण सारे मिळून पालिकेत जाऊ.